काझेउराच्या बंदरातला कॅमेरा

रविवारी जेवायला बसण्याआधी केशवराव समुद्र बघत.

हैदराबादला समुद्र नाही. काचीगुड्याच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून समोरच्या इमारतीच्या काळ्या टाक्या आणि त्यांच्या फटीतून स्टेशनच्या छपराचा एक तुकडा, एवढंच दिसे. समुद्र दिसायचा तो त्रिवेणीच्या फोनमध्ये. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर काझेउरा नावाचं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेनं मच्छीमारांना लाटांचा अंदाज यावा म्हणून बंदरात एक कॅमेरा बसवला होता आणि त्यातलं चित्र जगात कुणालाही बघता येई. सिनेमासारखं हलतं नव्हे, थोड्या थोड्या वेळानं बदलणारा एक फोटो. दोन फोटोंच्या मधे काय घडलं ते आपण समजून घ्यायचं.

"हवामान बघतो जरा," असं म्हणून केशवराव चष्मा बनियनला पुसत, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करत आणि पुढं झुकून बसत. ते हवामान बघत नाहीत हे घरात तिघांनाही माहीत होतं. तिघं म्हणजे ते स्वतः, बायको मालनबाई आणि मुलगी त्रिवेणी. चौथा, विकास, काझेउरात होता.

विकास गेला तो भांडून. केशवरावांचं रानीगंजला शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. उदगीरजवळच्या गावातून येऊन, आधी दुसऱ्याच्या दुकानात सामान तोलून, मग स्वतःचा गाळा घेऊन त्यांनी ते उभं केलं होतं. विकासनं डिप्लोमा केला तेव्हा त्यांनी दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली, 'केशवराव अँड सन'. रंग वाळतो न वाळतो तोच मुलगा म्हणाला की त्याला जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डिंगचं काम मिळालंय, जपानला.

"तिथं पाण्यात जाऊन झाळकाम करणार. आणि इथं गादीवर बसायला लाज वाटते," केशवराव म्हणाले.

"लाज नाही अण्णा. मला जमणार नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोलायला मला येत नाही, तुम्हाला माहिताय."

"मला येत होतं? पोटासाठी शिकलो. जा. पण आजपासून तुझं तोंड बघणार नाही मी."

रागात माणूस बोलून जातो. केशवराव मात्र बोललेलं पाळणारे होते. रानीगंजच्या बाजारात त्यांच्या शब्दावर ट्रकभर माल उधार सुटे, आणि आपला शब्द कुणी हलका समजावा हे त्यांना सहन होत नसे. विमानतळावर ते गेले नाहीत. विकासचा व्हिडिओ कॉल आला की उठून गॅलरीत जात आणि वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत उभे राहत. मालनबाई आतून ओरडत, "अहो, एकदा बघा तर! किती वाळलाय लेकरू." ते तिथूनच म्हणत, "तू बघायलीस ना? बास की मग."

त्रिवेणीचा स्वभाव निराळा होता. ती रसायनशास्त्र शिकली होती आणि कुकटपल्लीच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत असे. भाऊ जिथं गेला ते गाव नीट माहीत करून घ्यायचं, हे तिनं मनावर घेतलं. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीनं ती काझेउरा नगरपालिकेची सगळी पानं वाचून काढी आणि रात्री जेवताना सांगत बसे. लाखभर वस्ती. एके काळी माकुलाच्या मासेमारीवर गाव चाले; रात्री बोटींवर इतके दिवे लागत की समुद्रातच बाजार भरल्यासारखं वाटे. आता माकुल येत नाही आणि बोटी निम्म्याहून कमी झाल्यात. मुख्य बाजाराच्या रस्त्यावर सलग शटर बंद. तीन शाळांची एक शाळा केलेली. खांबाखांबावर निळ्या पट्ट्या, ही जागा समुद्रापासून किती उंच आहे ते सांगणाऱ्या. लाट आली तर कुठवर पळायचं ते कळावं म्हणून. संध्याकाळी पाच वाजता गावभरच्या भोंग्यांतून एक धून वाजते, म्हणजे मुलांनी घरी जावं. मुलं फारशी नाहीत, पण धून वाजते. दर महिन्याच्या पत्रकात जन्मलेल्यांचा आकडा असतो आणि त्याच्या शेजारी मेलेल्यांचा, आणि दुसरा पहिल्याच्या कितीतरी पट असतो.

"लाखभर म्हणजे आपल्या उदगीरएवढं," केशवराव वर्तमानपत्रामागून म्हणाले. त्या विषयावरचं त्यांचं ते पहिलं वाक्य. "उदगीरएवढ्या गावासाठी हैदराबाद सोडलं."

हे त्रिवेणीनं विकासला सांगितलं, तेव्हा तो खूप हसला. मग म्हणाला, "म्हणजे गावाबद्दल बोललं तर ऐकतात ना? तोंड बघणार नाहीत. मग गाव तर बघतील? आता त्या गावात मीच उभा असलो, तर त्याला मी काय करू?"

बंदराच्या कॅमेऱ्याची कल्पना त्याचीच. रविवारी इकडं बारा वाजले की तिकडं साडेतीन. तेव्हा तो धक्क्यावर, दोर बांधायच्या लोखंडी खुंट्याजवळ येऊन उभा राहणार. "त्या कॅमेऱ्यात माणूस करंगळीच्या पेराएवढा दिसतो. तोंड तर दिसतच नाही. अण्णांचा शब्द मोडायचा सवालच नाही. गोदीतला पिवळा रेनकोट घालून येतो, म्हणजे ओळखू येईन. तसा इथं बंदरात निम्मे लोक तोच घालतात म्हणा."

पहिल्या रविवारी त्रिवेणीनं फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "अण्णा, काझेउराला आज काय ऊन पडलंय बघा."

केशवरावांनी बघितलं. राखाडी धक्का, हिरवट पाणी, एका कोपऱ्यात पत्र्याची शेड आणि तिला लागून थंड-गरम पेयांच्या डब्यांचं मशीन. खुंट्याजवळ एक पिवळा ठिपका. फोटो बदलला तेव्हा त्या ठिपक्याचा एक हात वर होता.

केशवरावांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "ऊन पडलंय तर रेनकोट कायको घातलाय?"

मालनबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्रिवेणीला वाटलं, झालं, आता वर्षभरात हे फोनवर बोलतील.

तसं झालं नाही. पण रविवार मात्र पक्का झाला. पुढचा पाऊस गेला, दिवाळी गेली, काझेउरात बर्फ पडलं आणि पिवळा ठिपका पांढऱ्यावर उठून दिसू लागला. केशवराव त्याबद्दल बोलत ते हवामान म्हणून. "आज वारा फार आहे तिकडं." "आज जरा लवकर गेला वारा." एकदा विकासनं त्या मशीनशेजारी उभा राहून काढलेला फोटो त्रिवेणीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'आईला सांग, मी या मशीनएवढा आहे.' खरंच, त्याचं डोकं मशीनच्या वरच्या कडेला लागत होतं. तिनं तो आईला दाखवला. अण्णांना दाखवता येणार नव्हता. त्यात तोंड होतं.

मार्चमध्ये विकासचा फोन आला, तो तुटक. आवाज बसलेला. "नंबर बदलायलोय. नवा कळवतो." त्रिवेणीनं विचारलं, "काम ठीक आहे ना दादा?" "हौ हौ, ठीक आहे," तो म्हणाला. नवा नंबर आलाच नाही. जुन्यावर पाठवलेल्या प्रत्येक संदेशापुढं एकच टिक उमटे; पोचल्याची दुसरी उमटतच नसे.

त्यानंतरचे काही रविवार धक्का रिकामा होता. केशवराव चष्मा पुसत, पुन्हा पुसत. जेवण गार होई. मालनबाई म्हणाल्या, "आता कुणाला तरी विचारा, मला फिकीर वाटायलीय." आणि त्याच आठवड्यात, एप्रिलमधल्या रविवारी, खुंट्याजवळ पिवळा ठिपका उभा होता. पुढच्या फोटोत त्याचा हात वर होता.

त्या दिवशी केशवराव स्वतः खाली उतरून जिलेबी घेऊन आले.

"रुसलाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "माझंच रक्त आहे. मी बोलत नाही तर तोही कुणाशी बोलायचा नाही. पण रविवार चुकवत नाही, बघा!"

त्यानंतर त्रिवेणीनं जेव्हा जेव्हा विषय काढला, की गोदीत विचारू, तिकडच्या कचेरीत विचारू, तेव्हा ते एकच बोलत. "दर रविवारी पोरगं येऊन उभं राहतंय आणि तू त्याच्यामागं पोलीस लावायलीस? परक्या मुलखात आहे तो. उगं बोभाटा होऊन नोकरी जायची." जुलैत विकासच्या वाढदिवसाला मालनबाईंनी जवसाची चटणी करून कुरियरनं पाठवली. ती परत आली नाही. "म्हणजे पोचली," केशवराव म्हणाले. आणि त्रिवेणीनं तो विषय सोडला. तिलाही ते खरं असावंसं वाटत होतं, आणि असं वाटत असताना ती काही तपासत नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी काझेउरात गारठा असावा. पिवळा ठिपका खुंटा सोडून शेडकडे गेला. नेहमी तो दूर, धक्क्याच्या कडेला असे. कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला. फोटो बदलला तेव्हा तो पेयांच्या मशीनसमोर होता, पाठमोरा, हात पुढं केलेला.

त्याचं डोकं डब्यांच्या वरून दुसऱ्या रांगेपाशीच संपत होतं.

त्रिवेणीनं हातातला ताटल्यांचा गठ्ठा खाली ठेवला आणि पडद्यावरचा तो फोटो साठवून घेतला. मशीनची उंची बदलत नाही, आणि दादाचं डोकं त्याच्या वरच्या कडेला लागत होतं. ती अण्णांकडे बघू लागली. त्यांनीही बघितलं होतं.

"डबा काढायला वाकलाय," केशवराव म्हणाले. "वाढ गं, भूक लागली."

सोमवारी त्रिवेणी कामावर गेली. प्रयोगशाळेत कुठलाही नमुना तपासताना त्याच्याबरोबर एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची चालवायची असते. तिला ब्लँक म्हणतात. जे नमुन्यात सापडलं तेच ब्लँकमध्येही सापडलं, तर ते नमुन्यातलं नव्हे. कुठून तरी बाहेरून आलंय असं समजायचं. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. त्या दुपारी ब्लँक भरताना तिचा हात थांबला. काझेउराचा कॅमेरा आपण रविवारशिवाय कधी उघडलाच नाही. रविवार विकासचा होता. बाकीच्या दिवशी तिथं बघण्यासारखं काय असणार, असंच सगळे धरून चालले होते.

तिनं हातमोजे काढले आणि फोन उघडला. बारा वाजून गेले होते. खुंट्याजवळ पिवळा रेनकोट उभा होता. फोटो बदलला. हात वर.

मंगळवारी उघडला. हात वर. बुधवारीही.

बुधवारी तिनं नगरपालिकेची बंदराची पानं पुन्हा काढली, जी तिनं कधीच्या काळी वाचून संपवली होती आणि नंतर पुन्हा बघितली नव्हती. एप्रिलमधली एक सूचना होती. बेटावरून येणाऱ्या प्रवासी बोटीचा जुना धक्का दुरुस्तीला काढल्यामुळे बोट आता या धक्क्याला लागेल. बोट कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर थांबत असली पाहिजे. तो माणूस तिचा दोर खुंट्याला बांधत होता आणि झालं म्हणून बोटीला हात करत होता. रोज. बिचारा आपलं काम करत होता.

प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीच्या खोलीत शर्वरी नावाची पुण्याची मुलगी राहत असे. ती एका कंपनीत जपानी दुभाषी होती. शनिवारी दुपारी त्रिवेणी तिच्याकडे गेली.

शर्वरीनं चहा ठेवला. "तुला खरं सांगू, तुझं मराठी ऐकायला मजा येते. 'विचारायलीस', 'कायको' काय, 'हौ' काय!"

"आणि तुमचं पुण्याचं ऐकलं की मास्तरीण रागवायली असं वाटतं."

शर्वरी हसली. मग त्रिवेणीनं सगळं सांगितलं आणि ती हसायची थांबली. तिनं आधी गोदीत फोन लावला. तिथलं बोलणं लवकर संपलं. हिवाळ्याच्या शेवटी गोदीचा एक भाग बंद झाला, बाहेरून आलेल्या सगळ्या कामगारांना कमी केलं. पुढं कोण कुठं गेलं याची माहिती नाही.

"दुसरा कुठला नंबर?"

दुसरा होता. घरून येणाऱ्या कुरियरसाठी विकासनं फार पूर्वी, पहिल्या दिवाळीला, घरमालकिणीचा नंबर दिला होता. त्या दिवसभर घरी असतात म्हणून. मोरिता त्यांचं नाव. त्रिवेणीनं तो कुरियरच्या चिठ्ठीवर दोनदा लिहिला होता. तिथं फोन करावा असं एकदाही मनात आलं नव्हतं.

म्हातारीचा आवाज बारीक होता. शर्वरी एकेक वाक्य ऐकून घेई, मान हलवी आणि त्रिवेणीकडे वळून सांगे.

"म्हणतायत, काम गेल्यावरही तो त्यांच्याकडेच राहिला होता. इकडंतिकडं काम शोधत होता. पावसाळ्याच्या तोंडाला एक माणूस गाडी घेऊन आला, कुठल्या तरी बांधकामावर माणसं न्यायला. त्याच्याबरोबर गेला. गावाचं नाव सांगितलं नाही. महिन्यात येतो म्हणाला."

"मग?"

"आला नाही. सामान त्यांनी शरद ऋतूपर्यंत सांभाळलं. मग खोली रिकामी करावी लागली. कचेरीत जाऊन सांगितलं, तर त्याचं नाव तिथल्या रहिवाशांतून काढून टाकलं. आणि..." शर्वरी थांबली. "त्याच्या राहण्याच्या परवान्याची मुदत ऑक्टोबरात संपलीय, असं त्यांना तिथं कळलं. म्हणजे त्रिवेणी, आता तो कुठं असला तरी स्वतःहून कुणासमोर यायचा नाही. समोर आला तर पकडतील."

पलीकडून म्हातारी काहीतरी विचारत होती. शर्वरीनं उत्तर दिलं.

"तुम्ही कोण, असं विचारलं. मी सांगितलं, सख्खी बहीण." शर्वरी खाली बघत बोलली. "त्या म्हणतायत, मला वाटलं आता त्याला कुणी उरलं नाही. इतके महिने कुणी विचारलं नाही."

त्रिवेणीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. "त्यांना विचार, काम गेल्यावर दादा रविवारी बंदरावर जात होता का."

उत्तर लांबलं. शर्वरी मधेच म्हणाली, "थांब हं, मला नीट कळू दे." मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "आधी दर रविवारी जायचा. धुतलेले कपडे घालायचा, वरून तो रेनकोट. वडलांना भेटून येतो म्हणायचा. यांना वाटायचं, वडील बेटावर राहतात आणि बोटीनं येतात. काम गेल्यापासून जायचा बंद झाला. यांनी विचारलं, वडलांना भेटायला नाही गेलास? तर म्हणाला, आता तोंड दाखवायला जागा नाही." तिनं फोनवरचा हात काढला. "जपानीतही जवळपास असंच म्हणतात."

फोन ठेवता ठेवता म्हातारीनं एक गोष्ट आठवण करून सांगितली. तो गेल्यानंतर एक पार्सल आलं होतं. खाण्याचं असावं म्हणून तिनं ते उघडलं नाही, फ्रिजमध्ये ठेवलंय. परत पाठवू का?

"ठेवा म्हणावं," त्रिवेणी म्हणाली.

मग तिला वाटलं, ठेवून काय करणार. पण शर्वरीनं सांगूनही टाकलं होतं.

दूतावासात तक्रार देता येते. ती तिनं त्याच संध्याकाळी दिली, आणि नोंद झाल्याचं उत्तर आलं. सज्ञान माणूस, पत्ता माहीत नाही, नंबर माहीत नाही, ज्याच्याबरोबर गेला त्याचं नाव माहीत नाही. ती स्वतः नमुने तपासणारी होती. नमुना किती उशिरा आला की त्यात काही शिल्लक राहत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. एप्रिलमध्ये विकास त्याच खोलीत होता. एप्रिलमध्ये एक फोन पुरला असता. एप्रिलमध्ये त्यांनी जिलेबी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

केशवरावांनी चष्मा पुसला, साखरेचा डबा पुढं ओढला. "आण गं फोन. हवामान बघू."

त्रिवेणी फोन घेऊन त्यांच्यासमोर बसली, पण कॅमेरा लावला नाही. तिनं आधी मशीनजवळचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. विकासच्या चेहऱ्यावर तिनं अंगठा धरला होता, सवयीनं.

"वाकलाय, म्हटलं की तुला," केशवराव म्हणाले.

"वाकला नाही अण्णा. तो दादा नाही. तो बोटीचा माणूस आहे. रोज येतो. सोमवारी बघितलं, मंगळवारी बघितलं, बुधवारी बघितलं. बोटीला हात करतो."

"रोज येत असंल. आणि रविवारी आपला येत असंल. तुला काय कळतं त्या एवढ्याशा ठिपक्यातलं?"

"तेच म्हणते मी. काय कळतं आपल्याला त्या ठिपक्यातलं?"

मालनबाई पिठाच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग त्रिवेणीनं सगळं सांगितलं. गोदीचं, गाडीवाल्या माणसाचं, परवान्याचं. घरमालकीण काय म्हणाली तेही सांगितलं, रविवारच्या धुतलेल्या कपड्यांचं. 'वडलांना भेटून येतो' हे सांगताना तिचा आवाज फाटला आणि तिला ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

गॅसवर भाकरी करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

"एकदा तोंड बघितलं असतं तर काय झिजलं असतं तुमचं?" मालनबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. बाजारात भाव विचारावा तशा आवाजात विचारलं. "लेकरू बर्फात उभं राहत होतं. तुम्हाला तोंड दिसू नये म्हणून लांब उभं राहत होतं. ते जवळ उभं राहत असतं, तर हा लांबचा माणूस तो नाही हे आपल्याला पहिल्या दिवशी कळलं असतं की नाही?"

केशवराव उठले आणि मोरीत गेले. नळाचं पाणी बराच वेळ वाजत राहिलं. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. बनियनवर त्यांनी दुकानात जायचा इस्त्रीचा सदरा चढवला, आरशासमोर उभं राहून भांग पाडला. मग खुर्ची खिडकीकडे वळवून, उजेड तोंडावर येईल अशी ठेवली आणि बसले.

"लाव," ते म्हणाले.

"काय अण्णा? कॅमेरा?"

"त्याला लाव. तोंड दिसतं तसला."

"अण्णा, तो नंबर बंद आहे. मार्चपासून..."

"तू लाव तर."

तिनं विकासचा जुना नंबर काढून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. केशवरावांनी असला कॉल कधी हातात धरला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी, आरती धरावी तसा समोर धरला. पलीकडे फोन वाजू लागला की पडद्यावरचा शब्द बदलतो, हे त्रिवेणीला माहीत होतं. ती खुर्चीमागं उभी राहून त्या शब्दाकडे बघत होती. तो बदलत नव्हता. समोरचं माणूस येईपर्यंत पडद्यावर आपलंच चित्र दिसत राहतं. केशवरावांचं तोंड सगळ्या पडद्यावर पसरलं होतं. ओले केस, चष्म्याच्या दांडीचे कानामागचे वळ, हलणारा खालचा ओठ.

"हे कोण आहे?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांनाच कळलं.

"माझंच दिसायलंय," ते म्हणाले. फोन त्यांनी जरा लांब धरला. मग जवळ आणला. "त्याचं कुठं दिसतं?"

"त्यानं उचलला की दिसतं."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. पडद्यावरचं तोंड तसंच थांबलं होतं. थोड्या वेळानं कॉल आपोआप बंद पडला आणि पडदा काळा झाला. त्या काळ्यातही, खिडकीच्या उजेडानं, त्यांचा चेहरा अंधुक दिसतच होता.

केशवरावांनी सदऱ्याच्या टोकानं काच पुसली आणि फोन त्रिवेणीकडे परत दिला.

"पुन्हा लाव," ते म्हणाले, आणि केसांवरून एकदा हात फिरवून नीट बसले.